पोटाचे माप

‘पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा’ हा प्रश्न ज्याने कधी सोडविला नाही असा मराठी शाळेत शिकलेला मनुष्य विरळा. आमच्या वडिलांनी तो सोडविला, आम्ही सोडविला, आणि गेल्या श्रावणात सुरत शहरातील डिंडोली या वस्तीत पालिकेच्या मराठी शाळेत जाणारी एक दहा वर्षांची मुलगी तोच प्रश्न पुढे घेऊन बसलेली आम्ही पाहिली. तिच्या वहीत पाच वाक्प्रचार होते आणि पाचही एकाच शब्दाभोवती गुंफलेले होते : पोट भरणे, पोटाला चिमटा घेणे, पोटात गोळा येणे, पोटात घालणे, पोटावर पाय देणे. ‘पोटात घालणे’ यापुढे तिने लिहिले होते, ‘आईने माझी चूक पोटात घातली.’ ‘पोटाला चिमटा घेणे’ यापुढे, ‘आबांनी पोटाला चिमटा घेऊन पप्पांना शिकवले.’ चार वाक्ये झाली होती. पाचवे राहिले होते.

डिंडोली हे एके काळचे स्वतंत्र गाव. आज ते सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत, शहराच्या आग्नेय अंगास, उधन्याच्या पलीकडे आहे. उधन्याहून जळगावकडे जाणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग एकोणिसावे शतक संपता संपता पडला. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर अशी गावे ओलांडीत तो खानदेशात जातो. त्या मार्गाने धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतील सहस्रावधी कुटुंबे गेल्या काही पिढ्यांत सुरतेस आली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थायिक झाली. दुकानांवरील पाट्या गुजरातीत, घरातील बोली अहिराणी, शाळेतील पुस्तक मराठी आणि कारखान्यातील मुकादमाची भाषा बहुधा हिंदी, अशा चार भाषांच्या चौकटीत येथील मूल वाढते. श्रावणात कानबाईचा उत्सव येतो तेव्हा या वस्तीत खानदेशच अवतरतो. भाऊबंद एकत्र जमून रोट खातात.

मुलीचे आबा यंत्रमागावर उभी हयात काढलेले गृहस्थ. बारा तासांची पाळी, मीटरावर मजुरी, कानात मागाचा खडखडाट. आम्ही सहज विचारले, ‘आबा, गाव सोडून इकडे कसे आलात?’ ते म्हणाले, ‘काय करता भाऊ, पोटासाठी आलो. नाहीतर गाव कोण सोडतो?’ वाक्य साधेच होते. परंतु ते उच्चारताना त्यांनी मान किंचित खाली घातली, जणू एखादा कबुलीजबाब देत आहेत. त्या खाली गेलेल्या मानेने आम्हांस विचारात पाडले. पोटासाठी काही करणे ही कबूल करावयाची गोष्ट आहे काय? मनुष्य धर्मासाठी, देशासाठी, विद्येसाठी घर सोडतो तेव्हा तो ताठ मानेने सांगतो; पोटासाठी सोडतो तेव्हा आवाज का उतरतो?

आपण आपल्याच समाजाकडे पाहू. सोळाव्या शतकात साष्टी, तिसवाडी, बारदेश येथील देवळांवर संकट आले तेव्हा आपल्या पूर्वजांनी देव पालखीत, प्रसंगी डोक्यावर घेऊन घरे सोडली. कोणी अंत्रुज महालात देव स्थापिले, कोणी कारवार, मंगळूर आणि थेट कोचीपर्यंत गेले. ही कथा आपण मुलांना सांगतो, देवळाच्या स्मरणिकांत छापतो, आणि ती अभिमानाने सांगावी अशीच आहे. परंतु त्याच घरांतील पणजोबा वा आजोबा पुढे पोटाखातीर मुंबईस गेले, पेढीवर हिशेब लिहीत राहिले, दहा जणांच्या खोलीत पथारी टाकून निजले, ती कथा आपण सांगत नाही. सांगितलीच तर शेवटी त्यांनी गावच्या देवळास काय दिले एवढ्याचसाठी. पहिल्या प्रवासातही पोट बरोबर होतेच आणि दुसऱ्यातही देव बरोबर होता; मात्र आपण एकास यात्रा म्हणतो आणि दुसऱ्यास नाइलाज.

या भेदभावाला भाषेचा आधार आहे असे प्रथमदर्शनी वाटते. ‘पोटार्थी’ आणि ‘पोटभरू’ हे शब्द शिवीच्या अंगाने जातात. हिंदीत पोट ‘पापी’ आहे. गुजरातीत पोटाचा ‘खाडो’ पुरावा लागतो, मराठीत पोटाची खळगी भरावी लागते, म्हणजे दोन्हींकडे तो एक बुजता न बुजणारा खड्डा आहे. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ ही म्हण तर आपण स्वार्थी माणसावर फेकण्यासाठीच हाताशी ठेविलेली असते. पोट दुखते ते दुसऱ्याचे चांगले पाहून. कोणाच्या पोटात शिरावयाचे ते स्वतःचे काम साधण्यासाठी. ओठात एक आणि पोटात एक असे म्हटले की कपटाचे घर कोणते हेही ठरून जाते.

येथेच थांबलो तर आबांची मान खाली गेली ते योग्यच म्हणावे लागेल. पण भाषा येथे थांबत नाही. अपराध क्षमा करावयाचा तर तो पोटातच घालावा लागतो, मस्तकात घालता येत नाही. दुसऱ्याचे दुःख पाहून तुटते ते पोटात. कळकळीने बोलणाऱ्यास पोटतिडीक असते. स्वतःचे लेकरू ते पोटचे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट पोटात ठेवावयाची. ज्याला आपण पापी म्हणतो त्याच जागी मराठीने माया, क्षमा, करुणा आणि विश्वास ही चार रत्ने ठेविली आहेत. ज्या खोलीत चोर राहतो असे आपण म्हणतो त्याच खोलीत घरचे दागिने ठेवावे, असा हा प्रकार झाला. भाषा घडविणारे लोक इतके भोळे नसतात.

आबांचा मुलगा ज्या कारखान्यात आहे तेथे आता पाण्याच्या झोताने धागा फेकणारे चिनी बनावटीचे माग आहेत. सुरतेत असे माग चीनमधून बरेच आले. त्यांच्या पेट्यांवर चित्रलिपी असते. बोलता बोलता आबा म्हणाले, ‘त्यांची अक्षरे आपल्याला कळत नाहीत; पण त्यांच्या भाषेतही पोट असेलच की!’ हा विनोद होता. आम्ही मात्र घरी आल्यावर तो शोधाचा विषय केला.

चिनी भाषेत ‘छंग-यू’ नावाचा वाक्प्रचारांचा एक मोठा वर्ग आहे. बहुतेक चार अक्षरांचे, बहुतेकांच्या मागे एखादी ऐतिहासिक कथा, आणि तेथील शाळकरी मुलेही अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करतात. पोटाला चिनीत ‘फू’ म्हणतात, आणि या एका अक्षराच्या आश्रयाने असलेले वाक्प्रचार पुष्कळ आहेत. एकात ‘तोंडात मध, पोटात तलवार’ आहे. थांग घराण्याचा एक मंत्री ली लिनफू हा इ.स. ७३४ पासून जवळजवळ दोन दशके सत्तेवर होता. तो गोड बोलून माणसांचा घात करी. त्याच्याविषयीचे हे लोकमत अकराव्या शतकातील इतिहासकार सुमा ग्वांग याने नोंदविले आहे. आपल्या ‘ओठात एक, पोटात एक’ याचेच हे सशस्त्र रूप होय. त्याच्या अगदी उलट ‘आपले हृदय काढून दुसऱ्याच्या पोटात ठेवणे’ असाही वाक्प्रचार आहे. इ.स. २४ मध्ये ल्यू श्यू या सेनापतीपुढे एक बंडखोर सैन्य शरण आले. पण त्या सैनिकांना आपल्यावर विश्वास ठेविला जाईल असे वाटेना. तेव्हा ल्यू श्यू फारशा संरक्षणावाचून घोड्यावर बसून त्यांच्या छावण्यांतून फिरला. सैनिक म्हणाले की हा तर आपले काळीज काढून आमच्या पोटात ठेवतो, याच्यासाठी प्राण द्यावयास हवेत. पुढे हाच ल्यू श्यू हान घराण्याचा सम्राट झाला. विश्वासू माणसालाही चिनीत ‘हृदय-पोट’ म्हणतात. आणखी एक वाक्प्रचार आबांना नक्की आवडला असता : बहुश्रुत, कर्तबगार मनुष्याच्या ‘पोटात रेशमाचे धागे लावून ठेवलेले असतात’. त्यातील ‘चिंग’ या अक्षराचा मूळ अर्थ मागावरील ताणा; तेच अक्षर पुढे ग्रंथवाचक झाले आणि बौद्ध सूत्रांसाठीही योजले गेले. आपले ‘सूत्र’ही धागाच आहे. म्हणजे पंडिताच्या पोटात जे असते तेच विणकराच्या हातात असते.

पण हे सर्व बाजूला ठेवून आम्हांस ज्या एका वाक्प्रचारापाशी थांबावेसे वाटले तो असा : ‘क्षुद्राच्या मनाने थोराच्या पोटाचे माप घेणे.’ स्वतः हलक्या मनाच्या माणसाने सज्जनाच्या हेतूविषयी शंका घेतली म्हणजे हा वापरतात. अर्थ उघड आहे आणि फारसा खोलही नाही. परंतु हा वाक्प्रचार ज्या कथेतून निघाला ती कथा पाहिली तर त्यातील मन आणि पोट यांची जागाच बदललेली दिसते.

कथा ‘त्सो च्वान’ या प्राचीन इतिहासग्रंथात आहे आणि ती इ.स.पूर्व ५१४ या सालाखाली नोंदलेली आहे. जिन राज्याचा प्रमुख मंत्री वेई शू हा लाच न घेणारा म्हणून सर्व राज्यांत ख्यात होता. गंगयांग या गावचा एक दावा तेथील अधिकाऱ्यास निकालात काढता येईना. हा अधिकारी वेई शूचाच मुलगा. त्याने दावा वडिलांकडे पाठविला. तेव्हा एका पक्षाने मंत्र्याकडे गायन-वादन करणाऱ्या स्त्रियांचा एक ताफा भेटीदाखल पुढे केला आणि मंत्री तो स्वीकारण्याच्या बेतात आला. मुलाने दोन अधिकाऱ्यांना गाठून सांगितले की, ही लाच घेतली गेली तर याहून मोठी लाच नाही. तुम्ही त्यांना सांगा.

राजसभा संपल्यावर ते दोघे मंत्र्याच्या अंगणात थांबले. जेवण आले तसे मंत्र्याने त्यांना पंक्तीस बोलाविले. पाने मांडली जाऊन जेवण होईपर्यंत त्या दोघांनी तीन वेळा उसासे टाकले. जेवण आटोपल्यावर मंत्र्याने विचारले, जेवताना तरी मनुष्य चिंता विसरतो म्हणतात, मग तुम्ही तीनदा उसासे का टाकले? ते दोघे एका सुरात बोलले : काल कोणी आम्हांस मद्य पाजले, त्यामुळे रात्रीचे जेवण झाले नव्हते. अन्न समोर आले तेव्हा हे पुरणार नाही अशी भीती वाटली, म्हणून पहिला उसासा. अर्धे जेवण झाले तेव्हा आपलीच लाज वाटली की सेनापतींच्या घरी जेवण अपुरे कसे पडेल, म्हणून दुसरा. आणि ताट संपले तेव्हा वाटले की आम्हा लहान माणसांचे पोट हेच थोरांचे मन व्हावे, भरले की थांबावे, म्हणून तिसरा.

लाचेचा शब्दही कोणी काढला नाही. वेई शूने गंगयांगची भेट परत केली.

आम्ही ही कथा पुनः पुनः वाचली. मनाने पोटाचे माप घ्यावे अशी ही गोष्ट नाहीच. पोटाने मनाचे माप घ्यावे, अशी आहे. पुढे लोकांच्या बोलण्यात ते उलटे झाले आणि मूळची धार गेली. कारण साऱ्या शरीरात ‘पुरे’ म्हणणारे इंद्रिय कोणते, असे विचारले तर उत्तर एकच आहे. डोळ्याला पाहणे पुरत नाही, कानाला स्तुती पुरत नाही, मनाला तर काहीच पुरत नाही. पोट भरले म्हणजे समोर पुरणपोळी असली तरी हात आडवा येतो. ज्याला आपण खड्डा म्हणतो त्याला तळ आहे. बिनबुडाचे आहे ते मन.

मराठीनेही हे ओळखले आहे असे आम्हांस वाटते, फक्त आपले तिकडे लक्ष जात नाही. पोटावरून झालेले परिमाणवाचक शब्द पाहा : पोटभर, पोटापुरते. दोन्हींत सीमा आहे. मनावरून झालेले पाहा : मनसोक्त, मनमुराद, मनमानी, मनाला येईल तेवढे. एकातही सीमा नाही. आणि पंक्तीत आपण सहज म्हणून जातो की पोट भरले पण मन भरले नाही. त्याचे उलटे, म्हणजे मन भरले पण पोट भरले नाही असे, उपाशी माणसाखेरीज कोणी म्हणत नाही, आणि तोही यजमानाचा मान राखण्यासाठी म्हणतो. लाओत्सेच्या ग्रंथातही असा विचार आहे की शहाणा मनुष्य डोळ्यासाठी जगत नाही, पोटासाठी जगतो. रंग, स्वर आणि दुर्मिळ वस्तू माणसाला वेडे करतात, पोट करीत नाही. आपल्या कोणा कीर्तनकाराने ‘पोटासाठी जगा’ असा उपदेश केला तर श्रोते उठून जातील. पण लाओत्से ते बोलतो तेव्हा तो विरक्तीचाच उपदेश करीत असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खराच आहे. जगात ‘पोटासाठी’ या शब्दाइतकी झिजलेली ढाल दुसरी नाही. यंत्रमागावरचा मजूर पोटासाठी आलो म्हणतो तसा टेबलाखालून पैसे घेणारा कारकूनही पोटासाठी घेतो म्हणतो, भेसळ करणारा व्यापारीही म्हणतो. मग पोटाला प्रमाण कसे मानावे? आमचे म्हणणे असे की पोटाला साक्षीदार म्हणून बोलावले आहे तर त्याची उलटतपासणीही करावी. ते भरलेले होते काय? भरले असूनही हात पुढे गेला असेल तर तो पोटाच्या नावावर मनाने केलेला व्यवहार आहे, आणि बिचाऱ्या पोटाच्या माथी खोटा आळ आहे.

आक्षेपक एवढ्याने गप्प बसणार नाही. तो म्हणेल की माणसाचे पोट एकट्याचे नसते. पोटची पोरे असतात, म्हातारे आईबाप असतात, शाळेची फी, मुलीचे लग्न, आजारपण असते. हे सर्व मोजले तर पोटाचा तळ कोठे लागावयाचा? या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नाही आणि ते देण्याचा आव आम्ही आणीत नाही. एवढेच दिसते की वेई शूच्या कथेत बापाला आवरावयाला धावला तो त्याचा पोटचाच मुलगा होता. सात पिढ्यांची तरतूद आपण ज्यांच्या नावाने करतो त्यांना तरी विचारावयास हवे होते.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. ‘पोट भरले की थांबावे’ हे वाक्य कोणी कोणाला सांगितले? जेवावयास आलेल्या दोन कनिष्ठांनी जेवू घालणाऱ्या मंत्र्याला सांगितले. आपल्याकडे संतोषाचा उपदेश बहुधा उलट्या दिशेने वाहतो. ज्याचे कोठार भरलेले आहे तो ज्याचे हातावर पोट आहे त्याला सांगतो की थोडक्यात समाधान मानावे, देवाने दिले त्यात सुख आहे, तू पोटासाठी आलास, पोटापुरते मिळते आहे ना? असा उपदेश देवळाच्या सभामंडपात झाला तरी तो धर्म होत नाही. लहानाच्या पोटाचे माप थोराने आपल्या मनाला लावावयाचे आहे. लहानाच्या मजुरीला लावावयाचे नाही. बारा तास मागापुढे उभा राहणारा मनुष्य जास्त मागतो तेव्हा तो लोभी असतो असे नाही. बहुधा त्याचे अजून अर्धेच जेवण झालेले असते, आणि दुसऱ्या उसाशाची लाज वाटावी असा यजमान त्याला भेटलेला नसतो.

मग करुणेला मराठीने पोटातच जागा का दिली, हे उरते. आम्हांस याचे उत्तर आबांच्या बोलण्यात सापडले. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली तेव्हा सुरतेतील माग बंद पडले. ज्यांचे पोट हातावर होते त्यांचे हातच रिकामे झाले. कित्येक कुटुंबे गाठोडी घेऊन पायी निघाली. आबांच्या गल्लीतील बरीच माणसे मागे राहिली. आबा म्हणाले, ‘तेव्हा पहिल्या आठ दिवसांत कळले, कोणाच्या घरी चूल पेटत नाही ते. धूर दिसला नाही की पोटात तुटायचे. मग बायकांनी पिठे एकत्र केली. आमच्यात कोणी श्रीमंत नव्हतेच; श्रीमंताला शेजाऱ्याचा धूर मोजायची सवय नसते.’ शेवटचे वाक्य त्यांनी कडवटपणे म्हटले नाही, माहिती म्हणून म्हटले. ज्याला भुकेचे ठिकाण ठाऊक आहे त्याला दुसऱ्याची भूक कोठे दुखते हेही ठाऊक असते. करुणा शिकावयाची शाळा त्याच ठिकाणी आहे, म्हणून भाषेने तिला तेथेच ठेविले असावे. पोटात कधी गोळाच न आलेला मनुष्य दयाळू असू शकतो, नाही असे नाही. परंतु त्याला दया वाचून यावी लागते.

तैत्तिरीय उपनिषदात भृगू तप करून प्रथम जे जाणतो ते हे की अन्न हेच ब्रह्म. तेथून तो प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढून आनंदापर्यंत जातो, आणि आपण समजतो की पहिली पायरी मागे टाकण्यासाठीच होती. पण आनंदाची पायरी गाठल्यानंतर उपनिषद पुनः अन्नाकडे परतते आणि व्रते सांगते : अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न वाढवावे, दारी आलेल्यास परत पाठवू नये. शिखर गाठून आलेल्यास ही व्रते आहेत, हे विसरू नये. आपल्या घरांत जेवणापूर्वी जो श्लोक म्हणतात त्यातही जेवणाला यज्ञकर्म म्हटलेले आहे, आणि यज्ञ म्हटला की कुंड आले. ते कुंड म्हणजे हेच पोट. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत प्राण्यांच्या देहातील वैश्वानर अग्नी मीच आहे असे सांगतात. ज्या स्थानी प्रत्यक्ष देव अग्नी होऊन बसला आहे त्याला पापी म्हणताना आपली जीभ अडखळावयास हवी होती.

जांबावलीच्या दामोदराचे नाव नित्य घेणाऱ्यांस त्या नावाचा अर्थ सांगावयास नको : दाम म्हणजे दोर, उदर म्हणजे पोट. यशोदेने खोडकर बाळाला बांधावयास दोर आणला तो दोन बोटे कमी पडला. दुसरा जोडला, तोही दोन बोटे कमी. ज्या पोटात विश्व सामावले त्याला दोर पुरणार कसा? शेवटी आईचे श्रम पाहून बाळ आपणहून बांधून घेते. आमच्या मते या कथेतील खरे पोट ते बांधून घेणारेच. गणपती तर लंबोदरच. भक्तांचे अपराध पोटात घालतो म्हणून ते मोठे, असे आमची आजी सांगे. सुरतेच्या दुकानांतून विक्रीस असलेली हसऱ्या, ढेरपोट्या चिनी साधूची मूर्ती अनेकांनी पाहिली असेल. तो दहाव्या शतकाच्या आरंभीचा पूताई नावाचा भटका भिक्षू. पुढे त्याला मैत्रेयाचा अवतार मानले गेले, आणि चिनी बौद्ध मंदिरांत प्रवेशाच्या दालनात तोच बसलेला असतो. जगाला सामावता येत नाही ते त्याच्या पोटात सामावते, अशा अर्थाचे लेख त्याच्या दोन्ही बाजूंस लावतात. थोर मंत्र्याच्या पोटात नाव वल्हवता येते, अशीही एक चिनी म्हण आहे. तेथे ‘फू’ ऐवजी पोटाचा दुसरा, बोलीतला शब्द आहे, पण आशय लंबोदराचाच.

ही सारी टिपणे घेऊन आम्ही दोन महिन्यांनी पुनः डिंडोलीस गेलो. आबांना जिनच्या मंत्र्याची कथा सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली, आणि तिसऱ्या उसाशाच्या जागी ते हसले. म्हणाले, ‘बरोबर आहे. पण आमचा एक शेठ होता. त्याला मी तीस उसासे टाकले असते तरी मागाच्या आवाजात ऐकू गेले नसते.’ मग थोडा वेळ कोणी बोलले नाही. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

नात तेथेच बसलेली होती. आम्ही तिची वही मागितली. ‘पोटावर पाय देणे’ यापुढील जागा अजून कोरीच होती. आम्ही विचारले तर म्हणाली, ‘आबांना विचारले होते, ते राहू दे म्हणाले.’ आबांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘आता लिही. पाठीवर मारावे, पोटावर मारू नये.’ मुलीने पेन्सिल उचलली आणि थांबली. ‘आबा, ही म्हण आहे. वाक्प्रचार नाही. म्हणींचे पान वेगळे आहे,’ असे म्हणून तिने वही मागून उघडली, म्हणींच्या पानावर तेरावा आकडा घातला आणि ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून काढले. पुढच्या पानावरील जागा तशीच कोरी राहिली.